प्रतिसादांवर मतांची बटणं बसवली, पण आकडे चुकतात आणि क्रमही नीट लागत नाही

नळस्टॉपवाला

नमस्कार मंडळी. कोथरूड, कर्वेनगर, वारजे भागातल्या रहिवाशांसाठी एक चर्चेचं संकेतस्थळ आहे, त्यावरच्या प्रतिसादांना मतांची बटणं लावतोय. वर्डप्रेस, साधं शेअर्ड होस्टिंग, सभासद हजाराच्या आत. 'टँकर कुणाचा मागवावा' किंवा 'मिळकतकरातल्या ४० टक्के सवलतीसाठी पीटी-३ अर्ज कसा भरायचा' अशा धाग्यांवर शंभर-सव्वाशे प्रतिसाद पडतात आणि कामाचा प्रतिसाद कुठेतरी सत्तराव्या नंबरावर दडून राहतो. तो वर यावा, एवढाच हेतू.

सध्या प्रत्येक प्रतिसादाखाली वरचा आणि खालचा असे दोन बाण आहेत. बाण दाबला की स्क्रिप्ट सर्व्हरला कळवते आणि आकडा कॉमेंटच्या मेटामध्ये (प्रतिसादाला जोडून ठेवलेल्या जास्तीच्या माहितीत) साठतो. अडचणी अशा:

१. संकेतस्थळ पूर्ण मराठीत केल्यापासून १२ मतं असलेल्या प्रतिसादावर बाण दाबला की १३ न होता थेट १ होतो. शून्याचा एक नीट होतो, पुढे मात्र काही केल्या वाढत नाही.

२. लॉगइन न करता वाचणाऱ्यांपैकी काहींना बाण दाबल्यावर ४०३ (सर्व्हरने परवानगी नाकारल्याची त्रुटी) येतो. पान रिफ्रेश केलं तरी तेच.

३. क्रम 'वरची वजा खालची' असा लावलाय. त्यामुळे ज्यावर भांडण झालं तोच प्रतिसाद डोक्यावर बसतो.

शिवाय, लॉगइनशिवाय मत देऊ द्यावं का? ज्येष्ठ मंडळी बरीच आहेत, पासवर्ड म्हटलं की निम्मे मागे फिरतात.

डेटाबेस_आणि_चहा

पहिल्या दुखण्याचं मूळ 'मराठीत केल्यापासून' या तुमच्याच शब्दांत आहे. स्क्रिप्ट बटणावर छापलेला आकडा उचलून सर्व्हरला पाठवते आणि सर्व्हर त्यात १ मिळवून साठवतो, असं दिसतंय. पीएचपीला पूर्णांक म्हणून फक्त इंग्रजी अंक वाचता येतात. देवनागरी १२ ही त्याच्या लेखी नुसती अक्षरं, म्हणून किंमत शून्य, त्यात एक मिळवला की १. शून्याचा एक बरोबर येतो तोही याच कारणाने. जावास्क्रिप्टमध्ये हाच मजकूर संख्येत बदलला असता तर शून्यही मिळालं नसतं, 'नॅन' (म्हणजे 'ही संख्या नाही') आला असता. मराठी लोकेल (भाषेचं सेटिंग) दिला की ब्राउझर आकडे आपोआप देवनागरीत दाखवतो, ते छानच आहे, पण ते डोळ्यांपुरतं. हिशोबाचा आकडा बटणाच्या डेटा-गुणधर्मात इंग्रजी अंकांत ठेवा आणि दाखवताना तेवढा बदला.

पण खरी दुरुस्ती याच्या आधीची आहे. एकूण आकडा ब्राउझरकडून घ्यायचाच नाही. आज कुणी डेव्हलपर टूल्स उघडून ५०० पाठवले तर तुमचा सर्व्हर निमूटपणे ५०१ लिहून ठेवेल.

मतांसाठी वेगळं टेबल करा. रकाने चार पुरतात: कॉमेंटचा आयडी, सभासदाचा आयडी, मत (+१ किंवा −१, टायनीइंट) आणि वेळ. कॉमेंट आणि सभासद या जोडीवर यूनिक की लावा, म्हणजे तीच जोडी टेबलात दुसऱ्यांदा येऊ शकत नाही. ही की म्हणजे या सगळ्या खटाटोपाचा कणा आहे. 'याने आधी मत दिलंय का' हे नुसतं कोडमध्ये तपासलं तर दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या की दोघींनाही 'नाही' असं उत्तर मिळतं आणि दोन ओळी पडतात. की असली की डेटाबेसच दुसरीला अडवतो. मत बदललं तर 'इन्सर्ट, ऑन ड्युप्लिकेट की अपडेट', म्हणजे ओळ नसेल तर घाला, असेल तर तीच बदला. मागे घेतलं तर ओळ पुसा. टेबलाचा प्रकार इनोडीबीच असू द्या. जुन्या होस्टिंगवर अजून मायआयसॅम हा जुना प्रकार सापडतो, त्यात ट्रान्झॅक्शन (अनेक बदल एकत्र, सगळे किंवा एकही नाही, असे करण्याची सोय) नाहीत.

एकूण आकडा या टेबलाच्या बेरजेवरून काढा. दर पानाला बेरीज जड वाटली तर मत पडल्यावर ती एकदा काढून मेटामध्ये ठेवा. मेटातला आकडा म्हणजे नुसती प्रत, मूळ नाही. जुना आकडा वाचून त्यात एक मिळवून परत लिहायचा, हे मात्र कुठेच करू नका.

आणखी तीन ठिकाणी हमखास पाय घसरतो.

बटणाने 'आहे ते उलटं कर' असं सांगू नये, 'माझं मत आता हे' असं सांगावं. कमकुवत नेटवर्कवर तीच विनंती दोनदा पोचली तर उलटसुलट होऊन दिलेलं मत नाहीसं होतं. 'मत = +१' ही विनंती दहा वेळा पोचली तरी निकाल एकच.

मत म्हणजे साधी लिंक नको, 'पोस्ट' प्रकारच्या (सर्व्हरवर बदल करणाऱ्या) विनंतीनेच घ्या. लिंक ठेवलीत तर सर्च इंजिनचे बॉट आणि पान आधीच आणून ठेवणारे ब्राउझर तीवर जाऊन येतात आणि कुणी न दाबलेली मतं पडतात.

स्वतःच्या प्रतिसादाला मत देता येऊ नये, आणि ही अट सर्व्हरवर तपासा. बटण लपवणं म्हणजे अट नव्हे.

आता ४०३. वर्डप्रेसचा नॉन्स (विनंती आपल्याच पानावरून आली हे पटवणारी तात्पुरती खूण) १२ ते २४ तास चालतो. पाहुण्यांना मिळणारं पान कॅशमधून (आधीच तयार करून साठवलेल्या प्रतीतून) येतं, त्यात तो नॉन्स छापलेला असतो, आणि कॅश दोन दिवसांची असेल तर शिळा नॉन्स सर्व्हर नाकारणारच. रिफ्रेश केलं तरी तेच कॅशमधलं पान येतं. एकतर कॅशचं आयुष्य १० तासांवर आणा, किंवा पान उघडल्यावर ताजा नॉन्स वेगळ्या, कॅश न होणाऱ्या विनंतीने मागवा. त्याच विनंतीत पानावरच्या सगळ्या प्रतिसादांचे ताजे आकडेही आणा, नाहीतर 'मत दिलं आणि पान परत उघडलं तर आकडा मागे गेला' ही पुढची तक्रार ठरलेली आहे. विनंती एकच, सगळे आयडी एकदम. १२० प्रतिसादांना १२० विनंत्या पाठवल्यात तर शेअर्ड होस्टिंग मान टाकेल.

सांख्यिकी_सदाशिव

तिसऱ्या प्रश्नावर लिहितो. वजाबाकी चुकते कारण तिला गर्दी दिसते, प्रमाण दिसत नाही. ६० वर, ४० खाली: फरक २०. १० वर, १ खाली: फरक ९. वजाबाकी पहिल्याला वर ठेवते, वाचणारा माणूस दुसऱ्याला ठेवेल. मग टक्केवारी घ्यावी म्हटलं तर एकच मत पडलेला प्रतिसाद १०० टक्के घेऊन ४०-१० वाल्याच्या (८० टक्के) डोक्यावर जातो.

यावरचा चांगला उपाय म्हणजे विल्सन अंतराची खालची हद्द. एडविन विल्सन यांनी ही रीत १९२७ मध्ये मांडली आणि २००९ मध्ये रेडिटने प्रतिसादांच्या 'बेस्ट' क्रमासाठी ती घेतली. कल्पना साधी आहे: मिळालेली मतं हा नमुना समजा आणि 'खरं प्रमाण निदान एवढं तरी असेल' असा सावध अंदाज काढा. मतं कमी तर अंदाज जास्त सावध.

एकूण मतं न, वरच्या मतांचं प्रमाण प, आणि ९५ टक्के खात्रीसाठी झ = १.९६ धरा:

(प + झ²/२न − झ × √((प(१−प) + झ²/४न) / न)) ÷ (१ + झ²/न)

वरचीच उदाहरणं घालून बघा:

१ वर, ० खाली: ०.२१
६० वर, ४० खाली: ०.५०
१० वर, १ खाली: ०.६२
४० वर, १० खाली: ०.६७

क्रम जसा मनाला पटतो तसाच लागला. न शून्य असेल तर भागाकार अडतो, म्हणून आधीच ० परत करा. गुण मत पडल्यावर एकदाच काढा आणि मेटामध्ये दशांशात ठेवा. क्रम लावताना तुलना संख्या म्हणून करायला सांगा, अक्षरं म्हणून नको. वजाबाकीच्या गुणांत तर अक्षरांच्या तुलनेने ९ हा १० च्या वर बसतो.

वर्डप्रेसमध्ये एक खाच आहे. प्रतिसादांची पानं पाडली असतील (नेहमीचं सेटिंग पानाला ५०) आणि तुम्ही पान हातात आल्यावर क्रम लावत असाल, तर त्या पन्नासांतच उलथापालथ होते. सत्तरावा प्रतिसाद दुसऱ्या पानावर होता तिथेच राहतो. क्वेरीतच क्रम बदललात तर दुसरंच मोडतं: एखाद्या प्रतिसादाची थेट लिंक कोणत्या पानावर न्यायची हे वर्डप्रेस तारखेवरून मोजतं, त्यामुळे लिंक भलत्या पानावर उतरते. म्हणून माझं मत असं की मूळ यादी वेळेच्या क्रमानेच राहू द्या आणि धाग्याच्या सुरुवातीला सर्वाधिक गुणांचे तीन प्रतिसाद वेगळ्या चौकटीत दाखवा. प्रतिसादाखालच्या उपप्रतिसादांना क्रम लावूच नका. बोलणं मागचं-पुढचं झालं की 'हो, बरोबर' हे कशाला उद्देशून होतं तेच कळेनासं होतं.

पर्वती_पायथा

गणित चोख आहे, पण त्याआधीचा प्रश्न सुटलेला नाही: बाण दाबणारा नेमकं काय सांगतोय?

'गुरुवारी दिवसभर पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने येईल.' असा प्रतिसाद कुणी टाकला. याच्याखाली 'आवडलं' असेल तर कोण दाबणार? काहीजण तर पालिकेवरच्या रागाने खालचा बाण दाबतील, म्हणजे सगळ्यात उपयोगाची माहिती तळाला. बाणांवर शब्द नसला की प्रत्येकजण आपापला अर्थ लावतो: पटलं, माणूस आवडतो, बातमी वाईट आहे, शुद्धलेखन चुकलंय. इतक्या वेगवेगळ्या गोष्टींची बेरीज विल्सनच्या सूत्रात घातली तरी त्यातून नीट काही निघत नाही.

म्हणून बटण एकच ठेवा आणि त्यावर शब्द लिहा: 'उपयोगी'. खालचा बाण काढा. चुकीच्या माहितीसाठी 'चूक कळवा' अशी वेगळी लिंक द्या, ती दाबल्यावर निदान एक ओळ लिहावी लागेल आणि ती संपादकांकडे जाईल.

खालच्या बाणाबद्दलचा माझा आक्षेप नुसता भावनेचा नाही. जस्टिन चेंग आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये चार मोठ्या बातमी-समुदायांतले प्रतिसाद तपासले. ज्यांना नकारार्थी मतं मिळाली ते गप्प बसत नाहीत, जास्त लिहितात, पुढचं लिखाण आणखी घसरतं आणि तेही इतरांना तशीच मतं देऊ लागतात, असं त्यांना दिसलं. यूट्यूबनेही नोव्हेंबर २०२१ मध्ये नापसंतीचा आकडा लोकांना दाखवणं बंद केलं. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर खालचं मत टिकून आहे, पण त्याला कुंपण आहे: वरचं मत द्यायला सभासदाने कमावलेले १५ गुण लागतात, खालचं द्यायला १२५, आणि उत्तराला खालचं मत दिलं की देणाऱ्याचाही एक गुण जातो. हजाराच्या आतल्या, एकमेकांना सोसायटीच्या लिफ्टमध्ये भेटणाऱ्या लोकांसाठी एवढी यंत्रणा कोण उभी करणार?

दुसरी गोष्ट, आकडा लगेच दाखवू नका. २०१३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात लेव्ह मुचनिक, सिनान अरल आणि शॉन टेलर यांचा प्रयोग आला होता. एका बातमी-संकेतस्थळावरच्या लाखभर प्रतिसादांपैकी काहींना त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसं, कुठलाही निकष न लावता, सुरुवातीला एक वरचं मत देऊन ठेवलं. त्यानंतर पहिल्या वाचणाऱ्याने वरचं मत देण्याची शक्यता ३२ टक्के वाढली आणि शेवटचा गुण सरासरी २५ टक्के जास्त निघाला. काहींना तसंच एक खोटं खालचं मतही दिलं होतं, ते मात्र लोकांनी पुढे भरून काढलं. म्हणजे फुगवटा टिकतो आणि पहिलं मत कुणाचं पडलं यावर बरंच ठरतं. पहिले सहा तास आकडा झाकून ठेवा. मतं नोंदत राहा, दाखवू नका.

सांख्यिकी_सदाशिव

ताई, 'उपयोगी' या शब्दाशी पूर्ण सहमत. पण मग नळस्टॉपवाल्यांनी एक लक्षात घ्यावं: बटण एकच असेल तर विल्सन लागू होत नाही. प्रमाण काढायला छेद लागतो आणि खालची मतं नसली की प्रत्येकाचं प्रमाण १०० टक्केच. किती जणांनी प्रतिसाद वाचला हा छेद घेता येतो, पण स्क्रीनवरून सरकला म्हणजे वाचला असं धरणं मला पटत नाही. एका बटणाला साधी मोजणी घ्या आणि तिला वयाप्रमाणे वजन द्या.

वय का, ते बघा. 'स्वारगेटला मेट्रो जात नाही, सिव्हिल कोर्टला उतरून बस पकडा' हा प्रतिसाद जून २०२४ मध्ये अगदी बरोबर होता. २९ सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटपर्यंतचा मार्ग सुरू झाला आणि तो एका दिवसात चुकीचा ठरला. ४० मतं घेऊन तो वरच बसला असेल तर नव्या माणसाला फुकट बस शोधायला लावेल.

प्रत्येक मताला (१/२) चा (दिवस ÷ ९०) वा घात एवढं वजन द्या, म्हणजे ९० दिवसांनी मत अर्धं उरतं. १८० दिवसांपूर्वीची ४० मतं १० ठरतात. ३० दिवसांपूर्वीची १६ मतं १२.७ ठरतात आणि नवा प्रतिसाद वर येतो. ही बेरीज रात्री एकदा क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाने) काढा. वर्डप्रेसचा स्वतःचा क्रॉन कुणी पान उघडलं तरच चालतो, म्हणून होस्टिंगच्या पॅनलमधून खरा क्रॉन लावा.

तरी एक सांगतो, मेट्रोसारख्या एका रात्रीत बदलणाऱ्या गोष्टीला सूत्र पुरत नाही. संपादकाला 'जुनं झालं' असा शिक्का मारता आला पाहिजे. शिक्का बसला की प्रतिसाद वरच्या चौकटीतून बाहेर, मतं कितीही असोत.

नळस्टॉपवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिला घोळ तोच निघाला, बटणावरचा मजकूरच सर्व्हरला जात होता. एक बटण, 'उपयोगी', वर तीन प्रतिसादांची चौकट आणि ९० दिवसांचं वजन हे नक्की करतो. लॉगइनचं तेवढं राहिलं. एका आयपीवरून एका प्रतिसादाला एकच मत अशी अट घातली तर पाहुण्यांना मोकळं ठेवता येईल का?

हिंजवडी_फेज_२

आयपीची अट दोन्ही बाजूंनी फसते. मोबाइल कंपन्या एकाच सार्वजनिक आयपीमागे असंख्य ग्राहक बसवतात, त्याला सीजीनॅट म्हणतात. हिंजवडीतल्या एखाद्या ऑफिसची सगळी माणसंही बहुधा एक-दोन आयपींमधूनच बाहेर पडतात. म्हणजे पहिल्याने मत दिलं की बाकीच्यांना 'तुम्ही आधीच मत दिलंय' असा निरोप. उलट ज्याला फसवायचंय तो फोनचा फ्लाइट मोड चालू-बंद करतो आणि बहुतेक वेळा नवा आयपी मिळवतो. कुकीचंही तसंच, खाजगी खिडकी उघडली की कुकी नवी.

मत लॉगइननेच घ्या, पण पासवर्ड काढून टाका. ईमेलवर सहा अंकी कोड, तो १० मिनिटं चालेल, पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर बाद होईल. एकदा आत आलं की सत्र ९० दिवस टिकू द्या. ज्येष्ठांना वर्षातून चार-पाच वेळा कोड टाकावा लागेल, एवढं जमतं. पाहुण्याला बटण दिसू द्या; दाबल्यावर तिथेच ईमेलची चौकट उघडा, आणि कोड टाकल्यावर दाबलेलं मत आपोआप नोंदलं गेलं पाहिजे. परत खाली सरकून तोच प्रतिसाद शोधायला लावलात तर मत गेलंच म्हणून समजा. पाहुण्यांना मतच नाही म्हटल्यावर शिळ्या नॉन्सचा ४०३ सुद्धा जवळजवळ निकालात निघतो.

खोट्या खात्यांसाठी: खातं तीन दिवस जुनं होईपर्यंत मत नोंदवा पण मोजू नका. मिनिटाला दहापेक्षा जास्त मतं एका खात्यातून आली तर थांबवा. तुमच्याकडे खरा त्रास बॉटचा होणार नाही, 'आपल्या अमुकच्या प्रतिसादाला मत द्या' असा निरोप सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरण्याचा होईल. तो ओळखता येतो: अर्ध्या तासात एकाच प्रतिसादाला वीस-पंचवीस मतं, सगळी थेट त्याच लिंकवरून आलेली, आणि धाग्यातल्या दुसऱ्या कशालाच हात न लावलेली. अशी मतं पुसू नका, बाजूला ठेवून संपादकाला दाखवा. एखाद्या चांगल्या प्रतिसादाची लिंक लोक मनापासूनही पाठवतात.

कुणी कुणाला मत दिलं हे कुणालाही दिसू देऊ नका. खात्याला जोडलेलं मत हा २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या अर्थाने वैयक्तिक डेटा आहे. सभासदाने खातं बंद केलं की त्याच्या मतांच्या ओळीही जायला हव्यात, आणि त्यानंतर बेरीज पुन्हा काढा.

डेटाबेस_आणि_चहा

बटणाबद्दल थोडं. ते खरं बटण असू द्या, रंगवलेला चौकोन नको, नाहीतर कीबोर्ड आणि स्क्रीन रीडरला ते सापडतच नाही. दाबलेली अवस्था एरिया-प्रेस्ड या (स्क्रीन रीडरला कळणाऱ्या) गुणधर्माने सांगा आणि डोळ्यांसाठी रंगासोबत बरोबरची खूणही बदला. हिरवा-करडा फरक सगळ्यांना दिसत नाही. आकार निदान ४४ बाय ४४ पिक्सेल. 'चूक कळवा' त्याला खेटून ठेवू नका, अंगठा चुकतो. शून्य असताना आकडाच दाखवू नका. 'एकाला उपयोगी', 'पाच जणांना उपयोगी' असं लिहायचं तर एक आणि अनेक यांची रूपं वेगळी ठेवा.

दाबल्याबरोबर खूण बदला, उत्तराची वाट बघू नका. पण पाच सेकंदांत सर्व्हरचं उत्तर आलं नाही तर खूण मागे घेऊन 'मत पोचलं नाही, पुन्हा दाबा' असं लिहा. दिसतंय एक आणि साठलंय दुसरं, असं राहिलं की लोकांचा आकड्यांवरून विश्वास उडतो.

नळस्टॉपवाला

शेवटचा प्रश्न. मेटामध्ये आधीच साठलेले आकडे नव्या टेबलात कसे न्यायचे?

डेटाबेस_आणि_चहा

नेऊ नका. त्या आकड्यांमागे सभासदांचे आयडी नाहीत, त्यामुळे नव्या टेबलात ओळी पाडायच्या तर खोटी नावं घालावी लागतील. शिवाय मराठीकरणानंतर ज्यांना हात लागला ते सगळे १ वर आलेले आहेत, म्हणजे कोणता आकडा खरा हेही ठरवता येणार नाही. आधी बॅकअप घ्या, जुन्या मेटा-कीचं नाव बदलून ती तशीच ठेवून द्या आणि मोजणी शून्यापासून सुरू करा. वरची चौकट मात्र पहिल्या दिवसापासून लावू नका. धाग्यात निदान तीन प्रतिसादांना प्रत्येकी पाच मतं पडेपर्यंत ती लपवून ठेवा, नाहीतर ज्याला पहिलं मत मिळालं तोच महिनाभर वर दिसत राहील. पीटी-३ च्या आणि टँकरच्या धाग्यांवर बटण आधी चालू करा, तिथे वाचणारे जास्त आहेत, बाकीचे आठवड्याने.